एक मोळी, चार माल : खर्चाची वाटणी आणि गोदामातल्या साखरेची किंमत

(सभासद शिक्षण पाठ)



वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस आणि अहवाल हाती पडला की आपण बहुतेकजण पहिली दोन पाने चाळतो. गाळप किती झाले, उतारा किती पडला हे पाहतो आणि ऊसदराच्या ओळीवर येऊन थांबतो. पुढची पाने आकड्यांची. ती हिशोबनिसाची आणि ऑडिटरची, असे म्हणून अहवाल मिटून फळीवर ठेवतो. पण त्याच पानांत एक ओळ अशी असते, की आपल्या उसाचा अंतिम दर बऱ्याच अंशी तिच्यावर टांगलेला असतो. ती ओळ म्हणजे "अखेर शिल्लक साखर, प्रमाणित मूल्य". पोती किती आहेत हे मोजून कळते. पण त्या पोत्यांची किंमत किती धरायची हे मोजून कळत नाही, ते ठरवावे लागते. ते कसे ठरते आणि कसे ठरावे, हे या पाठात पाहू.

संयुक्त खर्च म्हणजे काय?

घरच्या म्हशीचे उदाहरण घ्या. तिला वैरण, पेंड, पाणी घातले. तिने दूध दिले आणि शेणही दिले. आता कुणी विचारले, "वैरणीतला किती खर्च दुधाचा आणि किती शेणाचा?" तर काय सांगणार? वैरण दोन्हींसाठी एकच घातली. दूध वेगळे आणि शेण वेगळे होण्याच्या आधीचा हा खर्च. त्याला संयुक्त खर्च म्हणतात. असा खर्च नुसता मोजून वेगळा करता येत नाही. काही रीत ठरवून तो वाटावा लागतो.

आपल्या कारखान्यातही असेच होते. गव्हाणीत मोळी पडते ती एकच. मिलमधून रस पुढे जातो आणि बगॅस मागे राहतो. रसाला चुना आणि गंधकाचा धूर देऊन तो गाळला की प्रेसमड वेगळा होतो. पुढे पाक होतो, पॅनमध्ये दाणा धरतो, सेंट्रिफ्युगल मशीनवर साखर सुटते आणि शेवटी मळी उरते. एका मोळीतून साखर, मळी, बगॅस आणि प्रेसमड असे चार माल निघतात. उसाचे पैसे मात्र चौघांसाठी वेगवेगळे दिलेले नसतात.

ज्या मालासाठी कारखाना उभा केला तो मुख्य माल, म्हणजे साखर. बरोबर निघणाऱ्या आणि तुलनेने कमी किमतीच्या मालाला उपपदार्थ म्हणतात. मात्र बरोबर निघणारा माल मुख्य मालाच्या तोडीचा महाग झाला, तर त्याला उपपदार्थ म्हणून भागत नाही, सहउत्पादन म्हणावे लागते. हा फरक लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज पडेल.

हजार टन उसाचा हिशोब

हिशोब सोपा जावा म्हणून हजार टन ऊस गाळला असे धरू. उतारा १०.२५ टक्के. २०२३-२४ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने याच उताऱ्याला क्विंटलमागे ३१५ रुपये, म्हणजे टनामागे ३,१५० रुपये रास्त व किफायतशीर दर, ज्याला आपण एफ.आर.पी. म्हणतो, तो ठरवला होता. तोच धरू. यात तोडणी-वाहतूक आली. बाकीचे सर्व आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत, ते कोणत्याही एका कारखान्याचे नाहीत.

उसाचे मोल (१,००० टन, दर ३,१५०) : ३१,५०,००० रुपये
प्रक्रिया खर्च (पगार, चुना-गंधक, दुरुस्ती, घसारा इत्यादी) : ९,५०,००० रुपये
एकूण संयुक्त खर्च : ४१,००,००० रुपये

निघालेला माल असा :

साखर १,०२५ क्विंटल, बाजारभाव ३,८०० रुपये : ३८,९५,००० रुपये
मळी ४० टन, दर ७,५०० रुपये : ३,००,००० रुपये
शिल्लक बगॅस ५० टन, दर २,००० रुपये : १,००,००० रुपये
प्रेसमड ४० टन, दर २५० रुपये : १०,००० रुपये
एकूण : ४३,०५,००० रुपये

साखरेचा भाव पोते आणि विक्रीखर्च वजा जाता हाती येणारा धरला आहे. बगॅस खरे तर उसाच्या पंचवीस-तीस टक्के निघतो. पण त्यातला बहुतेक आपल्याच बॉयलरमध्ये जळतो आणि त्याची वाफ हेच ऊस गाळायला वापरते. तो एका हाताने जमा आणि दुसऱ्या हाताने खर्च. म्हणून जो उरला तेवढाच इथे धरला.

वाटणीच्या चार रीती

पहिली रीत : सगळा खर्च साखरेवर. ४१,००,००० भागिले १,०२५, म्हणजे क्विंटलला ४,००० रुपये पडतळ. हिशोब सोपा, पण खरा नाही. मळी आणि बगॅस फुकट निघाले आणि त्यांचे पैसे आकाशातून पडले, असा त्याचा अर्थ होतो. शिवाय बाजारात ३,८०० ला जाणारी साखर ४,००० ला पडली असे दिसते आणि कारखाना तोट्यात आहे असा ग्रह होतो.

दुसरी रीत : वजनावर वाटणी. चारही माल मिळून २३२.५ टन. प्रत्येक टनावर सारखा खर्च टाकला तर टनाला सुमारे १७,६३४ रुपये येतात. मग साखर क्विंटलला १,७६३ रुपयांना पडली आणि प्रेसमड टनाला १७,६३४ ला पडला! जो प्रेसमड आपण अडीचशे रुपयांना शेतात नेऊन टाकतो, त्याची ही किंमत. म्हशीच्या बाबतीत शेणाचे वजन दुधापेक्षा जास्त भरते म्हणून वैरणीचा मोठा वाटा शेणावर टाकण्यासारखे हे झाले. जिथे सर्व माल एकाच जातीचा आणि जवळपास एकाच मोलाचा असतो, तिथे ही रीत चालते. साखर कारखान्यात चालत नाही.

तिसरी रीत : उपपदार्थांची वसुली वजा करणे. मळी, बगॅस आणि प्रेसमड विकून हाती येणारे ४,१०,००० रुपये एकूण खर्चातून वजा करायचे. उरले ३६,९०,०००. भागिले १,०२५, म्हणजे साखर क्विंटलला बरोबर ३,६०० रुपयांना पडली. उपपदार्थ किरकोळ असतील तेव्हा ही रीत योग्य मानली जाते आणि व्यवहारातही हीच जास्त चालते.

चौथी रीत : विक्रीमूल्याच्या प्रमाणात वाटणी. एकूण मालाची किंमत ४३,०५,००० आणि खर्च ४१,००,०००. म्हणजे शंभर रुपयांच्या मालावर सुमारे ९५ रुपये २४ पैसे खर्च बसतो. त्याप्रमाणे साखरेवर ३७,०९,५२४ रुपये येतात आणि क्विंटलला सुमारे ३,६१९ रुपये पडतात. मळी टनाला सुमारे ७,१४३ रुपये पडते. जो माल जास्त कमावतो त्याने जास्त भार उचलावा, हा यातला न्याय. सहउत्पादने मोठ्या मोलाची असतील तिथे ही रीत बरी.

आता कुणी म्हणेल, "चार रीतींनी चार उत्तरं, मग खरं कोणतं?" मोजपट्टीसारखे खरे उत्तर एकही नाही. पण लेखाशास्त्राची अट स्पष्ट आहे. भारतीय सनदी लेखापाल संस्थेचे साठ्याच्या मूल्यांकनाविषयीचे लेखा मानक क्रमांक २ हे १९८१ साली निघाले आणि १९९९ साली सुधारले. ते सांगते की संयुक्त खर्चाची वाटणी तर्काला धरून असावी आणि दरवर्षी तीच असावी. तिसरी आणि चौथी या दोन्ही रीती त्यात बसतात. ज्या वर्षी जी सोयीची ती घ्यायची, हे मात्र बसत नाही.

शिल्लक साखर कोणत्या दराने धरावी?

समजा ३१ मार्चला १,०२५ पैकी ६२५ क्विंटल साखर विकली गेली आणि ४०० क्विंटल गोदामात आहे. उपपदार्थ सर्व विकले. मग वर्षाचा हिशोब असा :

साखर विक्री (६२५ × ३,८००) : २३,७५,०००
उपपदार्थ विक्री : ४,१०,०००
शिल्लक साखर (४०० × ३,६००) : १४,४०,०००
एकूण : ४२,२५,०००
वजा खर्च : ४१,००,०००
वाढावा : १,२५,०००, म्हणजे टनामागे १२५ रुपये.

आता विक्री, खर्च, पोती यांतले काहीही न बदलता फक्त शिल्लक साखरेची किंमत बाजारभावाने, म्हणजे ३,८०० ने धरा. शिल्लक १५,२०,००० होते आणि वाढावा २,०५,००० दिसतो. टनामागे १२५ चे २०५ झाले. हे ८० रुपये कुठून आले? एकही जादा पोते विकलेले नाही. लेखणीच्या एका फटकाऱ्याने आले. आता ती साखर ३,४०० ने धरा. वाढावा ४५,००० वर येतो, टनामागे फक्त ४५ रुपये. पाच लाख टन गाळणाऱ्या कारखान्यात टनामागचे ८० रुपये म्हणजे चार कोटी होतात. "शिल्लक साखर" ही एक ओळ किती वजनाची आहे ते यावरून कळावे.

कुणी म्हणेल, "जास्त धरली तर बरंच की, दर जास्त मिळेल." इथेच खरी मेख आहे. ती साखर अजून विकलेली नाही, तेव्हा ते ८० रुपये कारखान्याच्या हातात नाहीत. दर वाढवून द्यायचा तर पैसे कर्जाने उभे करावे लागणार. पुढच्या वर्षी ती ४०० क्विंटल साखर ३,८०० ला विकली तरी त्यातून एक पैसा सुटणार नाही, कारण तिचा नफा आपण आधीच खाल्लेला असतो. भाव उतरून ३,६०० वर आला तर पुढच्या वर्षीच्या हिशोबात ८०,००० चा तोटा बसेल. तो कोण सोसणार? पुढच्या वर्षी ऊस घालणारा सभासद.

कमी धरण्यातही अन्याय आहे. ज्याने यंदा ऊस घातला आणि पुढल्या वर्षी विहीर आटली म्हणून ज्याचा ऊसच नाही, त्याचा हक्काचा पैसा दुसऱ्याच्या दरात जातो. वरून ती रक्कम कुणाच्या डोळ्यावर येत नाही. वाईट वर्ष आले की ती बाहेर काढून कारभार चांगला चालल्याचे दाखवता येते. म्हणून जास्त धरणे हे औदार्य नव्हे आणि कमी धरणे हा काटकसरीपणा नव्हे.

यावर नियम एकच आहे : पडलेला खर्च किंवा निव्वळ वसूल होणारी किंमत, यांत जी कमी असेल ती धरावी. निव्वळ वसूल होणारी किंमत म्हणजे विक्रीचा भाव वजा विक्रीला लागणारा खर्च. आपल्या उदाहरणात पडतळ ३,६०० आणि बाजार ३,८००, तर ३,६०० धरायचे. बाजार ३,५०० वर आला असेल तर ३,५०० धरायचे आणि क्विंटलमागे १०० रुपयांचा तोटा याच वर्षी सोसायचा, पुढे ढकलायचा नाही. न मिळालेला नफा धरू नये, दिसलेला तोटा लपवू नये, असा त्याचा भाव आहे.

दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नका. बँक माल तारण कर्जासाठी साखरेचे जे मूल्यांकन करते, ते कर्ज किती द्यायचे यासाठी असते. ते बाजारभाव पाहून ठरते आणि त्यातून मार्जिन कापले जाते. तसेच सरकार साखरेचा किमान विक्री दर ठरवते. तो जून २०१८ मध्ये किलोला २९ रुपये ठरला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ रुपये झाला. तो विक्रीचा तळ आहे. यांपैकी कोणताही दर ताळेबंदातल्या साखरेचा आपोआप दर होत नाही.

पोत्यांच्या प्रतीकडेही पाहावे. थप्पीतली सगळीच साखर एका भावाची नसते. भिजलेली, रंग गेलेली, पुन्हा विरघळवून करावी लागणारी साखर चांगल्या साखरेच्या भावाने धरली, तर तीही फुगवलेली किंमतच. अशा साखरेची ओळ वेगळी असावी.

भांड्यातला माल

पूर्वी साखर कारखान्यांचे हिशोबी वर्ष हंगाम संपल्यावर बंद होत असे. त्यामुळे वर्षअखेरीला टाक्या आणि पॅन रिकामे असत. आता वर्ष ३१ मार्चला संपते आणि त्या दिवशी पुष्कळदा गाळप चालूच असते. मिलखाली रस, टाकीत सिरप, पॅनमध्ये मॅसेक्युट, असा अर्धवट माल असतो. त्याची किंमतही शिल्लकीत धरावी लागते.

इथे पहिला प्रश्न, त्यात साखर किती? ते प्रयोगशाळा सांगते. समजा टाकीत ५० टन सिरप आहे आणि त्याचा ब्रिक्स ६०. म्हणजे विरघळलेला घन भाग ३० टन, बाकी पाणी. शुद्धता ८०, म्हणजे त्या ३० टनांत साखर २४ टन. पण ही सगळी पोत्यात येत नाही. शेवटच्या मळीची शुद्धता ३० धरली तर मळी आपल्याबरोबर काही साखर घेऊन जाणारच. हिशोब करता २१.४३ टन साखर निघते आणि ८.५७ टन घन भाग मळीत जातो. पडताळा पाहा : मळीतल्या ८.५७ टनांचे ३० टक्के म्हणजे २.५७ टन साखर. २१.४३ आणि २.५७ मिळून २४. जमले. म्हणजे टाकीत धरायची साखर २४० क्विंटल नव्हे, २१४ क्विंटल.

दुसरा प्रश्न, दर कोणता? या साखरेवर उसाचा खर्च पुरा झाला आहे. पण शिजवणे, दाणा धरणे, सुकवणे, भरणे बाकी आहे. वरच्या उदाहरणात पडतळ ३,६०० होती. त्यात उसाचा भाग (उपपदार्थ वजा जाता) २,६७३ आणि प्रक्रियेचा ९२७ रुपये. प्रक्रिया निम्मी झाली असे धरले तर २,६७३ अधिक सुमारे ४६३, म्हणजे क्विंटलला ३,१३६ रुपये. २१४ क्विंटलचे सुमारे ६ लाख ७१ हजार. हीच साखर तयार मालाच्या ३,६०० दराने धरली तर ७ लाख ७० हजार. एका टाकीत जवळजवळ लाखाचा फरक पडतो. तेव्हा अर्धवट मालाची पूर्णता किती टक्के धरली, हे अहवालात असायला हवे.

मळी आपल्याच आसवनीला कोणत्या दराने?

ज्या कारखान्यांना स्वतःची आसवनी आहे, तिथे मळी बाहेर विकली जात नाही, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते. तिथे गिऱ्हाईकही आपण आणि दुकानदारही आपणच. दर ठरवणारी लेखणीही आपलीच. ७,५०० ची मळी आसवनीला ४,००० ने दिली असे धरा. मळीचे ३,००,००० ऐवजी १,६०,००० जमा होतात. साखर खात्याचे १,४०,००० कमी झाले, टनामागे १४० रुपये. तेवढाच नफा आसवनीच्या पानावर जास्त दिसतो.

कुणी म्हणेल, "पैसा कारखान्यातच राहिला ना? या खिशातला त्या खिशात." थोडे खरे आहे. पण तीन ठिकाणी फरक पडतो. एक, साखरेची पडतळ ३,६०० वरून सुमारे ३,७३७ वर जाते आणि त्याच पडतळीने शिल्लक धरली तर ४०० क्विंटल साखर सुमारे ५५,००० रुपयांनी फुगते. दोन, कोणते खाते कमावते आणि कोणते तोट्यात आहे याचे चित्र उलटे दिसते आणि आसवनी वाढवावी की नाही असले निर्णय चुकतात. तीन, ऊसदराच्या सूत्रात फरक पडतो.

तिसरा मुद्दा नीट पाहू. डॉ. सी. रंगराजन समितीने २०१२ साली उत्पन्नाच्या वाटणीचे सूत्र सुचवले. साखर आणि पहिल्या टप्प्याचे उपपदार्थ मिळून जे उत्पन्न होईल त्याचे ७० टक्के, किंवा नुसत्या साखरेच्या उत्पन्नाचे ७५ टक्के उसाला. महाराष्ट्रात २०१३ साली याच धर्तीवर ऊसदर विनियमनाचा कायदा झाला. एफ.आर.पी. हा किमान, आणि सूत्राने जास्त आले तर जास्त. आपण ७० टक्क्यांचा मार्ग घेऊ. आपल्या उदाहरणात ४३,०५,००० चे ७० टक्के केले तर टनाला सुमारे ३,०१४ रुपये येतात. ते ३,१५० पेक्षा कमी, म्हणून किमान दरच लागू. आता साखरेचा भाव ४,१०० झाला असे धरा. उत्पन्न ४६,१२,५००, त्याचे ७० टक्के टनाला ३,२२९ रुपये. किमान दरावर सुमारे ७९ रुपये जास्त देणे निघाले. पण मळी ४,००० ने धरली तर उत्पन्न ४४,७२,५०० होते आणि ७० टक्के टनाला ३,१३१. किमान दरापेक्षा कमी, म्हणून जादा देणे शून्य. साखर तीच, मळी तीच. सभासदाचे टनामागचे ७९ रुपये मळीच्या दरात विरघळले.

म्हणून अंतर्गत दराचा नियम असा असावा : त्या काळात त्याच प्रतीची मळी बाहेर ज्या दराने गेली असती, तो दर. वीजनिर्मिती प्रकल्पाला दिलेल्या बगॅसलाही हेच लागू.

मळी उपपदार्थ राहते केव्हा?

२०१८ पासून बी-हेवी मळीच्या इथेनॉलला वेगळा, जास्त दर मिळू लागला. २०२२-२३ च्या पुरवठा वर्षात सी-हेवी मळीच्या इथेनॉलला लिटरला ४९ रुपये ४१ पैसे, बी-हेवीच्या ६० रुपये ७३ पैसे आणि उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला ६५ रुपये ६१ पैसे दर होता. साखरेचे तीन शिजप घ्यायच्या ऐवजी दोनच घेऊन उरलेली साखर मळीतच ठेवायची, हा बी-हेवीचा अर्थ.

म्हणजे ही मळी उसाची नुसती उरलेली मळ नव्हे, तिच्यात पोत्यात जाऊ शकणारी साखर आहे. हजार टनामागे उतारा दीड टक्क्याने उतरला तर १५० क्विंटल साखर मळीत गेली. ३,८०० ने ती ५,७०,००० ची. तेव्हा बी-हेवी मळीचे मोल निदान जुन्या मळीचे ३,००,००० अधिक हे ५,७०,००० एवढे तरी धरले पाहिजे. त्यातून वाचलेल्या शिजपाचा खर्च तेवढा वजा करावा. इथे मळी सहउत्पादन झाली. तिला उपपदार्थाच्या तिसऱ्या रीतीत कोंबले आणि दर जुन्या मळीचा लावला, तर सगळा उसाचा खर्च उरलेल्या थोड्या साखरेवर बसेल आणि साखरेची पडतळ विनाकारण आभाळाला भिडेल. अशा कारखान्याने चौथी रीत घ्यावी. उताऱ्याच्या हिशोबातही मळीत वळवलेली साखर परत मिळवूनच उतारा धरायचा असतो, कारण आपल्या उसाचा दर उताऱ्यावर बांधलेला आहे.

किमतीत काय चढवू नये

शिल्लक साखरेची पडतळ काढताना काही खर्च तिच्यावर चढवायचा मोह होतो, कारण जेवढा खर्च साठ्यावर टाकला तेवढा या वर्षीच्या तोट्यातून वाचतो. पण साठवणुकीचे भाडे, विक्रीचा खर्च, मालाशी संबंध नसलेला कचेरीखर्च आणि एरवी व्याज, हे साठ्याच्या किमतीत धरायचे नसतात. साखर गोदामात सहा महिने पडली आणि तारण कर्जाचे व्याज चढले, म्हणून साखर महाग होत नाही. उलट ते व्याज सभासदाच्या खिशातून जात असते आणि तसे ते दिसले पाहिजे.

दुष्काळी वर्षाची गोष्ट तशीच. पाणी नाही म्हणून गाळप निम्म्यावर आले. पगार आणि घसारा मात्र पूर्ण. तो सगळा थोड्या साखरेवर वाटला तर क्विंटलची पडतळ भलतीच वाढेल. नियम असा, की पगार-घसाऱ्यासारखा कायम खर्च नेहमीच्या गाळप क्षमतेच्या हिशोबानेच साखरेवर टाकावा. यंत्रे थांबून राहिली त्याचा भार त्या वर्षीच्या नफा-तोट्यात सरळ दाखवावा.

सभेला जाताना विचारायचे प्रश्न

अहवाल मिळाल्यावर पुढील प्रश्नांची उत्तरे त्यात शोधा. सापडली नाहीत तर सभेत उभे राहून शांतपणे विचारा. हिशोब विचारणे म्हणजे कुणावर संशय घेणे नव्हे. कारखाना आपला आहे, हिशोबही आपलाच आहे.

१. शिल्लक साखरेचा क्विंटलचा दर किती धरला? पडतळ किती होती आणि ३१ मार्चला बाजारभाव किती होता?

२. गेल्या वर्षी जी रीत होती तीच यंदा आहे का? बदलली असेल तर का, आणि बदलल्याने वाढाव्यात किती फरक पडला?

३. गेल्या वर्षीची शिल्लक साखर प्रत्यक्षात कोणत्या भावाने विकली गेली? गेल्या वर्षी धरलेला दर खरा होता की फुगवलेला, हे हा एकच आकडा सांगून जातो.

४. मळी आणि बगॅस आपल्याच आसवनीला व वीज प्रकल्पाला कोणत्या दराने दिले? त्या काळात बाहेरचा दर काय होता?

५. भांड्यातल्या मालात साखर किती क्विंटल धरली, आणि ती किती टक्के पूर्ण मानली?

६. पोती कुणी मोजली? हलक्या प्रतीची साखर वेगळी दाखवली आहे का?

घरी सोडवून पाहा

एका कारखान्याने २,००० टन ऊस गाळला. संयुक्त खर्च ८०,००,००० रुपये. साखर २,००० क्विंटल. उपपदार्थांचे हाती आलेले ८,००,००० रुपये. वर्षअखेर ७०० क्विंटल साखर शिल्लक. विक्रीखर्च वजा जाता बाजारभाव ३,५५० रुपये. शिल्लक साखर किती रुपयांची धरावी?

उत्तर : ८०,००,००० वजा ८,००,००० म्हणजे ७२,००,०००. भागिले २,०००, पडतळ ३,६०० रुपये. बाजार ३,५५०, म्हणजे पडतळीपेक्षा कमी, तेव्हा ३,५५० धरावे. ७०० क्विंटलचे २४,८५,००० रुपये. पडतळीने ते २५,२०,००० झाले असते. मधले ३५,००० रुपये हा याच वर्षीचा तोटा, आणि तो याच वर्षीच्या अहवालात दिसला पाहिजे.

घरातल्या शिकणाऱ्या मुला-मुलीला सोबत घेऊन हे गणित सोडवा आणि मग आपल्या अहवालातले आकडे त्याच जागी घालून पाहा.